हाकडोहाचं मागणं

फार वर्षांपूर्वी, जेव्हा सावरी नदीवर पूल नव्हता आणि घाटात गाडीवाट नव्हती, तेव्हा उंबरकोंड गावाला भ्यायला भूतखेत लागत नव्हतं. हाकडोह होता, तेवढा पुरे होता.

गावाच्या खालच्या अंगाला नदी एका काळ्या कातळाला वळसा घालते आणि तिथं अशी खोल जाते, की गावातले सगळे दोर एकाला एक जोडून सोडले तरी तळ लागत नाही, असं म्हणतात. वर्षभर हा डोह मुका. पण पावसाळा सरत आला, भाताच्या लोंब्या भरू लागल्या आणि पाणी उतरायला लागलं, की तिन्हीसांजेला कातळाच्या पोटातून हाक यायची. आधी घशात अडकल्यासारखी, मग लांबच लांब, मग एकदम तोंड मिटल्यासारखी.

म्ऽऽऽशी. म्ऽऽऽशी.

हाक सुरू झाली की आया पोरांच्या कानांत कापूस कोंबत, गडी गोठ्यांची दारं लावून घेत आणि कुत्री चुलीमागं जाऊन बसत.

ही हाक पहिल्यांदा ऐकली एका गवळ्यानं. म्हशी चारून परतताना तो कातळापाशी थबकला आणि धापा टाकत गावात आला. म्हणाला, "डोह म्हशी मागतोय." गाव हसलं. पण हाकेच्या त्याच दिवसांत एक सून धुणं धुताना पाय घसरून डोहात गेली ती वर आलीच नाही. मग कुणी हसलं नाही. पुढल्या साली हाक आली तशी गावानं म्हस दिली, आणि तेव्हापासून दर साली दिली.

कशी दिली तेही ऐकून ठेवा, कारण सांगणारे ते नेमकं गाळतात. म्हस पाण्याचं जनावर. तिला नुसती ढकलली तर ती नाक वर काढून आरामात दुसऱ्या काठाला लागेल. म्हणून ज्या घरची पाळी, त्या घरच्या जात्याची तळी, म्हणजे खालचा दगड, आणायची, तिच्या भोकातून दोर ओवायचा आणि म्हशीच्या गळ्यात बांधायचा. घरच्या बाईनं हळदकुंकू लावायचं, शेपटीचा झुपका कापून घरी आढ्याला खोचायचा, आणि मग गड्यांनी मागून रेटायचं. पाणी एकदा फुगायचं, आणि गप्प व्हायचं. बघणारे कानाला हात लावून म्हणायचे, धन्यानं घेतली.

धनी म्हणजे त्या डोहातला थोरला खडशी मासा. त्याचे खवले थाळ्याएवढे, मिशा दाव्याएवढ्या आणि वय नदीएवढं, असं म्हणतात. म्हस दिली की थोड्या दिवसांनी हाक थांबायची. पाणी आणखी उतरल्यावर ती तशीही थांबली असती. पण हे बोलून दाखवायची छाती कुणाची?

या गावात येसू पटवेकरीण राहायची. पटवेकरी म्हणजे सोन्याचे मणी, डोरली, पुतळ्या रेशमात गाठवून देणारे लोक. येसूला लहानपणीच वैधव्य आलं. पुढं बहीण वारली, तिची तान्ही पोर गोजरा सांभाळायला म्हणून ती उंबरकोंडात आली आणि इथलीच झाली. गोजरा मावशी म्हणायची, म्हणून शेजार मावशी म्हणू लागला, आणि शेजाराचं ऐकून सारं गाव. पाटीलही तिला मावशी म्हणायचा, पाटलाची सासूही.

हात पटवेकऱ्याचे, पण जीव नदीत अडकलेला. एकदा खळखळत्या पाण्याशी बसली असताना तिनं पाहिलं, की वरून एक माशी पाण्यावर टेकली आणि खालून एक मासा चांदीसारखा उसळून तिला घेऊन गेला. बस्स. बाईच्या डोक्यात वेड शिरलं ते मरेपर्यंत निघालं नाही. गांडुळानं मासा पोटाला फसतो, तिला त्याला डोळ्याला फसवायचं होतं. खरी वाटेल अशी खोटी माशी बांधायची होती.

कुणी शिकवलं? कुणी नाही. शिकवायला माहीत होतं कुणाला? सुई दिव्यावर लाल करून ती वाकवायची. रेशमाचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवायचं, दुसरं दातात धरायचं, पटवेकरी दागिना गाठवतात तसं, आणि मधे सुईवर कोंबड्याच्या मानेचं पीस फेर देऊन बसवायचं. मुंगसाचा एखादा केस, खंड्याच्या पिसाचा निळा धागा, वरून मेणाचं बोट. पहिल्या पहिल्या माश्या तुटक्या गुंडीसारख्या दिसायच्या. मासे वर यायचे, बघायचे आणि पाठ फिरवायचे. येसू घरी येऊन सगळं उसवायची आणि पुन्हा बांधायची. कैक वर्षं गेली. मग अशी वेळ आली, की तिनं दोरीवर वाळत घातलेली माशी चिमणीनं पिल्लासाठी उचलून नेली, आणि कोनाड्यात ठेवलेल्या माशीला कोळ्यानं जाळ्यात गुंडाळून ठेवलं, असं म्हणतात.

चिव्याच्या बांबूची लवचीक काठी, पाटलाच्या घोडीच्या शेपटीच्या केसांची दोरी. ती दोरी येसू हवेत मागं-पुढं अशी झुलवायची, की माशी पाण्यावर पडायची नाही, उतरायची. मासा लागला की ओल्या हातात धरायची, त्याच्या डोळ्यात बघायची आणि सोडून द्यायची.

"खायाचा न्हाई तर धरती कशाला गं, मावशे?" पारावरचे विचारायचे.

"तू रोज देवळात जातोस. देव खातोस व्हय?"

बाईच्या जातीनं काठी घेऊन नदीवर बसावं हे गावाला खुपायचं. पण मंगळसूत्र गाठवायला दारात तिच्याच यावं लागायचं, म्हणून तोंडावर बोलायची सोय नव्हती.

हाकडोहात मात्र तिनं कधी काठी उचलली नाही. बंदीच होती. ती समोरच्या काठावर नुसती बसायची, तेही हाकेच्या दिवसांत, तिन्हीसांजेला, जेव्हा गाव दारं लावून बसलेलं असायचं. म्हणून जे तिनं पाहिलं ते दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं. त्या सांजांना पाण्यावरून धुरासारख्या पांढऱ्या माश्या उठायच्या. लांब शेपटीच्या, आरपार दिसणाऱ्या. घटकाभर नाचायच्या आणि कापूस सांडावा तशा डोहावर सांडायच्या. मासे वर येऊन त्यांना टिपायचे. येसूनं एक हातावर घेऊन निरखली, तर तिला तोंडच नव्हतं. खायला तोंड नाही, म्हणजे जगायला वेळ नाही. तिनं तिचं नाव ठेवलं बिनतोंडी. आणि तीच एक माशी तिला उभ्या जन्मात बांधता आली नाही. बगळ्याचं पीस जाड व्हायचं, रेशीम चकाकायचं, सावरीच्या झाडाचा कापूस भिजला की गोळा व्हायचा. केस पांढरे झाले, पण बिनतोंडी काही तिच्या हातून उतरली नाही.

मग ते साल आलं.

त्या साली पावसात गुरांना घटसर्प झाला. घसे सुजले, जिभा बाहेर आल्या आणि गावातल्या म्हशी एकामागून एक आडव्या पडल्या. गोठ्यांतून घंटा वाजायची थांबली. पूरही असा गढूळ आणि लांबलेला, की भाद्रपद संपत आला तरी पाणी मातीच्या रंगाचं. आणि अशात डोहानं हाक दिली. दर सालापेक्षा आधी, दर सालापेक्षा मोठ्यानं. पुढं पुढं तर तिन्हीसांजेचीही वाट न बघता, भर दुपारी.

म्ऽऽऽशी.

आसपासच्या गावांत माणसं धाडली. रोगाच्या गावाला म्हस कोण देणार? वेशीवरूनच हाकलून दिलं. गावात प्रत्येक जण दुसऱ्याकडं चोरून बघू लागला. म्हस नाही तर काय? बोलत कुणीच नव्हतं, मनात मात्र सगळ्यांच्या एकच होतं. पाणवठा ओस पडला. लोक चिखलाचं पाणी गाळून प्यायले, पण नदीवर गेले नाहीत.

शेवटी देवळापुढं गाव जमलं. सटवाजी गुरव कातळाला कान लावून आला होता. चेहरा राखेसारखा. म्हणाला, "आपण इतकी सालं चुकीचं ऐकत आलो. म्हशी न्हाई म्हणत तो."

"मग?" रायाजी पाटलानं विचारलं.

"मावशी म्हणतोय."

 तेवढ्यात खालून हाक आली. ज्यांच्या कानांत कापूस होता त्यांनी तो काढला. सगळ्या गावानं ऐकलं आणि सगळ्या गावाला तेच ऐकू आलं. मावशी. स्वच्छ. इतकी वर्षं कसं कळलं नाही असं वाटावं इतकं स्वच्छ.

येसूच्या दोन्ही अंगांच्या बाया हळूच सरकल्या. पाटलाची सासू पदर तोंडावर घेऊन म्हणाली, "तीच तर पाण्याला सुया दावती. धनी बोलवील न्हाई तर काय करील?"

पाटील जमिनीकडं बघत होता. "मावशी, गावाचा इलाज न्हाई."

"इलाज न्हाई हे माझ्याकडं बघून म्हण, रायाजी. तुझ्या मुंडावळ्या या हातांनी गाठवल्यात."

रायाजीनं मान वर केली नाही. ठरलं ते ठरलं. उद्या तिन्हीसांजेला.

घरी आल्यावर गोजरानं तिचे हात धरले. गोजरा आता बाळंतीण होऊन उठलेली, तान्हं कडेवर. "मावशी, पळ गं. घाटाच्या चोरवाटेनं जा. मी दारात बसते, कुणाला आत येऊ देत न्हाई."

येसूनं तिच्याकडं निरखून पाहिलं. "तुला काय ऐकू आलं, गोजरे?"

गोजरानं कडेवरच्या तान्ह्यात तोंड लपवलं. 

"तुलाबी तेच," येसू म्हणाली आणि भिंतीला टेकून खाली बसली. सगळ्या गावानं ऐकलं त्याचं तिला एवढं लागलं नव्हतं. "मी पळाले तर परवा तो दुसरं काही म्हणंल. कुणाला ऐकू येईल, म्हातारी. कुणाला ऐकू येईल, गोजरी. गुरवाचा कान आता माणसाला चटावला, बाई. तो म्हशीवर परत यायचा न्हाई."

हे बोलली खरी, पण सुईत दोरा ओवायला बसली तर हात असे कापत होते, की दोरा सुईला सापडेना. जन्मात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती डोहावर गेली. मागं दोन गडी लांबून चालत होते, नजर चुकवत. ती कातळावर पालथी पडली आणि कान लावला. कातळ गार होता. आत काहीतरी घुसमटत होतं. मग हाक आली आणि तिच्या कवटीत घुमली. मावशी. तिनं डोळे मिटले. पुन्हा मावशी. तिला वाटलं, खरंच की काय? आपल्यालाच बोलावतोय की काय?

भीतीनं तिनं डोळे उघडले, आणि पाण्याकडं बघितलं.

डोहभर माशांची तोंडं वर आली होती. लहान, मोठी, शेकड्यांनी. उघडत होती, मिटत होती. मधोमध एक तोंड होतं उंबऱ्याच्या लाकडाएवढं, तेही उघडत होतं, मिटत होतं. आणि पाण्यावर काहीच नव्हतं. गढूळ पुरानं यंदा पांढरी बिनतोंडी उठलीच नव्हती. इतके सगळे भुकेचे जबडे आणि वरून एक कापसाचा पुंजकाही सांडलेला नाही.

हाक आली. या वेळी येसूला वेगळं ऐकू आलं. ती पाण्यात बघत राहिली, पुन्हा ऐकलं, पुन्हा तेच. माऽऽशी.

तशीच उठून ती देवळापुढं गेली. "एक माशी बांधू द्या मला. डोहावर टाकते. त्यानं घेतली न्हाई, तर तुमचं जातं मी माझ्या हातानं गळ्यात घालते."

"माशी!" गुरव थुंकला. "जित्या म्हशी गिळणारा धनी, त्याला चिलटं चारणार ही!"

पण रायाजीच्या मनाला मुंडावळ्या टोचत असाव्यात. तो म्हणाला, "बांधू दे."

"घोडीच्या केसांची दोरी डोहाला आखूड पडंल," येसू म्हणाली. "मला केस हवेत. लांब, पुष्कळ."

कुणी हललं नाही. मग पाटलाची सासू, तीच कालची, मुकाट घरात गेली आणि आढ्याला खोचलेला एक धुरकटलेला झुपका घेऊन आली. तिच्या ढवळी म्हशीचा. मग दुसरी बाई गेली, मग तिसरी. कुणाच्या सासूच्या वेळची म्हस, कुणाच्या आजेसासूच्या वेळची. डोहानं नेलेल्या सगळ्या म्हशींच्या शेपट्या येसूच्या ओट्यावर जमल्या. बायांनी मांडीवर पीळ घालून दोरी वळली. कुणी ओवी म्हटली नाही.

माशीसाठी येसूनं काहीच शोधलं नाही. तिनं अंबाडा सोडला. दिव्याच्या ज्योतीसमोर आपला एक पांढरा केस धरला, तर तो आरपार दिसला. ती जराशी हसली, असं म्हणतात. इतकी वर्षं बगळ्यामागं हिंडलीस आणि हे डोक्यावर होतं, बये. रेशीम अंगठ्याला अडकवलं, टोक दातात धरलं, आणि तिचे हात कापायचे थांबले.

"सुई?" गोजरानं विचारलं.

"देणं देताना आत काटा लपवतात व्हय?" तिनं भाताच्या काडीवर माशी बांधली.

तिन्हीसांजेला सारं गाव कातळावर. येसूच्या घरचं जातं मागंच म्हशीबरोबर गेलेलं, म्हणून पाटलाच्या घरची तळी आणली होती. गुरव म्हणाला, "आधी दोर, मग माशी." कुणी त्याला अडवलं नाही. फास येसूच्या गळ्यात पडला. दुसऱ्या टोकाची तळी रायाजीनं दोन्ही हातांनी उचलून धरली आणि तो तिच्या बाजूला उभा राहिला. एक ढकलणं, की संपलं.

येसूनं काठी उचलली.

पहिल्यांदा माशी उतरली, पाण्यावर तरंगली, फिरली. तोंडं उघडत होती, मिटत होती. कुणी घेतली नाही. हाक आली ती पायाखालचा कातळ हलावा अशी.

दुसऱ्यांदा एक मोठी सावली वर आली, माशीखाली थांबली आणि वळून गेली. बायांनी पोरांची तोंडं पोटाशी दाबली.

"बास," गुरव म्हणाला. "ढकल, रायाजी."

रायाजीचे दंड फुगले. येसूनं त्याच्याकडं बघितलंही नाही. तिनं दोरी मागं घेतली, पुढं टाकली, मागं घेतली, आणि हवेत ती माशी अशी सुटली, की खाली यायचं विसरली. डोहावर ती नाचू लागली. वर, खाली, पुन्हा वर, जिवंत बिनतोंडी नाचते तशी, आणि तिला धरून ठेवणारी दोरी कुणाला दिसेना, असं म्हणतात. मग अगदी हळू ती पाण्याला टेकली.

पाणी फुगलं. म्हस जाताना फुगायचं तसंच. लोकांनी डोळे मिटले. ज्यांनी नाही मिटले त्यांनी धनी पाहिला. पाठ कातळासारखी, डोळा पितळी थाळ्यासारखा. तो उसळला नाही. त्यानं ओठ पुढं केले आणि देवळात आपण तीर्थ घेतो तशी ती माशी घेतली.

हाक मधेच तुटली. म्— आणि पुढं काही नाही.

धनी खाली निघाला तशी दोरी येसूच्या बोटांतून पळू लागली. काळी, भुरी, तांबूस. काठावरच्या बाया बघत होत्या, आणि एकीच्या तोंडून निघालं, "ही माझी चांदी." दुसरी म्हणाली, "ही आमची मोरी." पाटलाची सासू नुसतीच रडत होती. सगळ्या म्हशी एकापाठोपाठ एक डोहात गेल्या. शेवटचा पीळ आला तेव्हा येसूनं मूठ उघडली.

रायाजीच्या हातांतून तळी निसटली, पाण्यात नाही, कातळावर पडली आणि फासाला हिसका बसून येसू गुडघ्यांवर आली. गोजरा धावली. तिनं दातांनी गाठ सोडली, गाठवणाऱ्यांचीच पोर ती. येसूच्या गळ्याभोवती काळानिळा वळ उठला होता. तो पुढं कधी गेला नाही. गावाचे दागिने तिनं मरेपर्यंत गाठवले, पण स्वतःच्या गळ्यात काळा दोरासुद्धा घातला नाही.

त्या सांजेला गाव पहिल्यांदा दारं उघडी टाकून जेवलं. ओट्यावर बसलेल्या मावशीला गोजरानं हळूच विचारलं, "खरंच तो माशी म्हणाला का गं?"

येसूनं गळ्यावरचा वळ चाचपला. मग म्हणाली, "गवळ्याला म्हशी ऐकू आल्या. गुरवाला मी ऐकू आले. मला माझी माशी. त्याच्या मनात काय होतं, मला कुठं ठावं? पण तिन्हींत जीव न घेणारं एकच होतं, ते मी धरलं. आणि तो न्हाई म्हणेल या भीतीनं काठी पेलत नव्हती, ते तुला म्हणून सांगते."

येसू ज्या साली गेली, त्या साली हाकेच्या दिवसांत बिनतोंडी परत उठली. इतकी, की डोह पांढरा झाला आणि तिच्या ओट्यावर, काठीवर, अंगठ्याएवढ्या रेशमाच्या रिळांवर माश्याच माश्या बसल्या, असं म्हणतात.

पाटलाच्या जात्याची ती तळी कातळावर पडली तिथंच आहे. मधे चीर गेलेली. उंबरकोंडात नवी सून आली की तिला आधी त्या तळीवर बसवतात, रेशमाचं टोक पायाच्या अंगठ्याला अडकवतात आणि माशी बांधायला लावतात. पहिली तुटक्या गुंडीसारखी होते. सगळ्या हसतात, उसवतात, पुन्हा बांधायला लावतात. भाताच्या लोंब्या भरल्या आणि डोहानं हाक दिली, की घराघरातून एक माशी निघते. गोठ्यातल्या म्हशीच्या शेपटीचा एक केस, घरातल्या सगळ्यात थोरल्या बाईचा एक पांढरा केस, आणि भाताची काडी. सुई नाही. त्या माश्या तिन्हीसांजेला पाण्यावर सोडतात.

सोडण्याआधी प्रत्येक जण कातळाला कान लावतो. लहान पोरंसुद्धा. भीती वाटते, तरी लावतात. आणि कान काढल्यावर, डोह काय म्हणाला, हे उंबरकोंडात कुणी कुणाला सांगत नाही.